ओव्या ऐकायला आलेला पाहुणा
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी वर्गात लोकसाहित्याचा पाठ चालू असताना सरांनी विचारले, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून ओव्या म्हणतात?" दोन-तीन मुलींनी हात वर केले. त्यांच्या आज्या जात्यावरच्या ओव्या म्हणत. मी मात्र हात वर केला नाही. आमच्या घरी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, धनगरी ओव्या म्हणतात. दोन्ही घरात असून मी गप्प बसले. घोंगडे पांघरून, कानावर हात ठेवून रात्र रात्र म्हटल्या जाणाऱ्या त्या ओव्यांना कॉलेजात कोणी 'साहित्य' म्हणेल असे मला वाटले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मला लाज वाटली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर चढताना जे खाली ठेवून यायचे, त्यात आबांच्या ओव्याही आहेत, अशी माझी समजूत होती.

पुढे ग्रंथालयात सरांनीच एक जाड इंग्रजी पुस्तक हातात दिले. लेखक जर्मन आणि विषय बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा! पुस्तक सगळे समजले असे म्हणणार नाही. पण शब्दकोश शेजारी ठेवून जेवढे वाचले तेवढ्याने माझी झोप उडाली. ज्या देवांची नावे मी आबांच्या तोंडून ऐकत मोठी झाले, त्यांच्यासाठी एक परदेशी प्राध्यापक वर्षानुवर्षे आमच्या माळरानांवर फिरला होता. त्या प्रवाशाची, त्याच्या अभ्यासाची आणि त्याच्या अखेरच्या वर्षांची ओळख आपल्या विद्यार्थीमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या अभ्यासकाचे नाव गुंथर-डिट्ज सोंथायमर. जन्म १९३४ चा. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत ते प्राध्यापक होते. गंमत अशी की त्यांचा मूळ विषय कायद्याचा. हिंदू एकत्र कुटुंब ही कायद्याच्या दृष्टीने कशी घडत गेली, यावर त्यांचा ग्रंथ आहे. म्हणजे सुरुवात संस्कृत धर्मशास्त्राच्या पोथ्यांपासून झाली. पण पोथीतला धर्म आणि पायवाटेवरचा धर्म यांत अंतर आहे, हे महाराष्ट्रात आल्यावर त्यांच्या ध्यानात आले असावे. ते मराठी शिकले आणि धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत, देवळांच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागले. त्यातून १९७६ साली त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा आहेत. उपशीर्षकात तीन गोष्टी आहेत : या मेंढपाळी देवांचा उगम, त्यांचा इतिहास आणि त्यांचा परिसर. यातला तिसरा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. देव समजून घ्यायचा तर त्याच्या भोवतीचा माळ, गवत, पाऊस आणि मेंढरे समजून घेतली पाहिजेत, असे या अभ्यासकाला वाटत होते.

ते का, हे कळण्यासाठी धनगरांचे वर्षाचे चक्र थोडे सांगावे लागेल. मेंढराला चिखल सोसत नाही. पाय कुजतात, खुरांचे रोग होतात. म्हणून पावसाळ्यात कळप राहतो आमच्या बाजूच्या कमी पावसाच्या पट्ट्यात : माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर. दसरा-दिवाळी झाली, इकडचे गवत सरले की 'वाडा' निघतो. वाडा म्हणजे बरोबर फिरणाऱ्या काही कुटुंबांचा मेळ. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, करडे-कोकरे, आणि पुढे मेंढरे. हे सारे पश्चिमेला, घाटाकडे आणि कोकणात जाते. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य. मृगाचा पाऊस येण्याच्या आत वाडा माघारी फिरतो. आबांनी ही वाट तरुणपणी पुष्कळ वर्षे केली. कोकणातल्या कोणत्या ओढ्याचे पाणी गोड आणि कोणत्या गावचा पाटील भला, हे ते आजही सांगतात.

आता ओवीविषयी. आपण पाठ्यपुस्तकात ओवी शिकतो ती ज्ञानेश्वरीची, साडेतीन चरणांची. जात्यावरची ओवी आपल्याला घरातून माहीत असते. धनगरी ओवी या दोन्हींहून निराळी आहे. ती म्हणजे एक लांबलचक कथाच. म्हणणारा पुढे होतो, त्याचे साथीदार ओळीचे टोक धरतात आणि तीच ओळ ओढून पुन्हा म्हणतात. काही भाग गायचा, मग तोच कथाभाग साध्या बोलीत सांगायचा, पुन्हा गायचा. असे करत रात्र सरते. ढोल-कैताळाच्या तालावर चालणारे गजीनृत्य ही आणखी वेगळी गोष्ट, पण जत्रेत दोन्ही जवळजवळ नांदतात. ओवीत देवाचा जन्म असतो, त्याचे लग्न असते, भांडणे असतात, प्रवास असतो. बिरोबाची आई सुरवंती, बहीण मायाक्का, रानात वाढलेला बाळ बिरोबा हे सगळे मी लहानपणी आबांच्या मांडीवर झोपेच्या गुंगीत ऐकले आहे. त्या वेळी ती गोष्ट होती. आता मागे वळून पाहिल्यावर कळते की त्या गोष्टीत गावांची, डोंगरांची, नद्यांची आणि पाणवठ्यांची नावे ओळीने येतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी आपला नकाशा आणि आपला इतिहास कथेत गुंफून डोक्यात जपून ठेवला होता.

सोंथायमर यांनी या ओव्या टेपवर मुद्रित केल्या आणि त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहिले. त्यातून त्यांनी मांडलेला एक विचार आपल्या सर्वांना उपयोगी पडेल असा आहे. तो म्हणजे 'वन' आणि 'क्षेत्र' यांचा. क्षेत्र म्हणजे नांगरलेली जमीन, वसलेले गाव, बांधलेले देऊळ, ठरलेले नियम. वन म्हणजे गावाबाहेरचे रान, गवताळ माळ, तिथे फिरणारे मेंढपाळ, शिकारी आणि वन्य जमाती. आपल्याकडे ही दोन जगे एकमेकांना भितात, एकमेकांवर अवलंबूनही असतात. आणि आपले पुष्कळसे मोठे देव वनातून क्षेत्राकडे चालत आलेले आहेत.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच आहे. जेजुरीला आपण सर्व जण गेलेलो असतो. खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा ही लिंगायत वाण्याची मुलगी. ती गडावर देवाजवळ असते. बाणाई ही धनगराची. तिचे देऊळ गड चढताना निम्म्या वाटेवर लागते. आपण पायऱ्या चढण्याच्या घाईत तिला हात जोडतो आणि पुढे जातो. पण थांबून विचार केला तर त्या डोंगरावर क्षेत्र आणि वन यांची मांडणीच दिसते. वर गावाची, व्यापाराची, रीतीची बायको. खाली रानाची, प्रेमाची बायको. बाणाईसाठी देव मेंढ्या राखणारा गडी झाला, तिच्या मेंढ्या मारून पुन्हा जिवंत केल्या, तेव्हा कुठे ती लग्नाला तयार झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. राजासारखा घोड्यावर बसणारा देव धनगराच्या घरी चाकरीला राहतो, यात धनगरांनी आपला केवढा मान राखला आहे!

दुसरे उदाहरण वीरच्या म्हस्कोबाचे. वीर आमच्या वडगाव निंबाळकरहून दूर नाही. नीरेच्याच काठाने वर गेले की पुरंदर तालुक्यात हे गाव लागते. तिथली कथा अशी : कमळाजी नावाचा धनगर भक्त सोनारीच्या काळभैरवाच्या दर्शनाला पायी जात असे. पुढे वय झाले, पाय चालेनात. तेव्हा देव म्हणाला, तू येऊ नकोस, मीच तुझ्याकडे येतो. आणि देव भक्ताच्या मागे वीरच्या रानात येऊन राहिला. माघी पौर्णिमेला तिथे देवाचे लग्न लागते, कोडीतसारख्या गावांच्या पालख्या आणि काठ्या येतात, पुढे पाऊसपाण्याची भाकणूक होते आणि रंगाच्या शिंपणाने यात्रा संपते. त्या अखेरच्या दिवसाला लोक 'मारामारी' म्हणतात. नवख्याने नावाला भिऊ नये, मार असतो तो रंगाचा. म्हाताऱ्या भक्तासाठी देव चालत येतो, हा कथेचा धागा महाराष्ट्रात अनेक देवळांत सापडतो. फिरणारा मेंढपाळ हळूहळू एका जागी स्थिर होतो, तसा त्याचा देवही स्थिर होतो, असा त्याचा अर्थ लावता येतो. दगडाच्या तांदळ्यावर आधी छप्पर येते, मग गाभारा, मग शिखर.

हे वाचले आणि मला माझे स्वतःचे गाव वेगळे दिसू लागले. नीरा डावा कालवा इंग्रजी अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. कालव्याच्या खाली नदीपर्यंत ऊस, विहिरी, बंगले, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगा. कालव्याच्या वर सुपे-मोरगावकडे जिरायत पट्टा, बाजरी, बाभळी आणि माळ. एका पाटाने गावाचे वन आणि क्षेत्र वेगळे करून दाखवले आहे. आमचे घर आधी पाटाच्या वर होते. वडिलांनी मेंढरे विकली, दोन गाई घेतल्या आणि आम्ही पाटाच्या खाली आलो. म्हणजे देवांचा जो प्रवास सोंथायमर यांनी वर्णिला, तो आमच्या घराने माझ्या डोळ्यांसमोर केला आहे. फक्त आमच्यासाठी कुणी शिखर बांधले नाही, एवढेच!

सोंथायमर यांचे लक्ष केवळ धनगरांपुरते नव्हते. अनेक गावांत मारुतीच्या देवळाबाहेर लढाईचे चित्र कोरलेले जुने दगड पडलेले असतात. कुणी त्यांना शेंदूर लावतो, कुणी त्यांच्यावर बसून तंबाखू मळतो. ते वीरगळ, म्हणजे गुरे राखताना किंवा लढताना मेलेल्या वीरांची स्मारके. अशा स्मारकशिळांवर एस. शेट्टर यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला. मराठीत याच वाटेने चालणारे थोर संशोधक म्हणजे डॉ. रा. चिं. ढेरे. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा त्यांचा ग्रंथ १९८४ चा. पंढरीचा विठोबादेखील मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, ही त्यांची मांडणी आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव जोडीने पुजले जातात आणि त्यांच्यावर भंडाऱ्याची उधळण होते, हे पाहिले की ही मांडणी पटू लागते. आषाढीला सोपानकाकांची पालखी आमच्या नीरा-बारामती रस्त्याने जाते. तिच्याबरोबर चालणाऱ्यांत आमचे आबाही असायचे. त्यांना यात विसंगती कधी वाटली नाही. ते म्हणत, "इठोबा काय अन् बिरोबा काय, भावाभावाच्या घरी जायाला परवानगी लागती व्हय?"

आता त्यांच्या अखेरच्या वर्षांविषयी. प्रवासी माणसाचे शेवटचे दिवस बहुधा सामानाची बांधाबांध करण्यात आणि आठवणीच्या वस्तू विकत घेण्यात जातात. सोंथायमर यांची अखेरची वर्षे पाहिली तर ती भरगच्च कामाची दिसतात. १९८९ साली त्यांच्या मुख्य ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर आले. ते ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी केले. मला ग्रंथालयात मिळाला तो हाच. त्याच सुमारास त्यांनी हिंदू धर्माच्या पाच घटकांची मांडणी केली : ब्राह्मणांचे कार्य व शिकवण, संन्यास आणि वैराग्य, वन्य जमातींचा धर्म, लोकधर्म आणि भक्ती. यांतला एकही घटक दुसऱ्यांवाचून समजत नाही, सगळे सतत एकमेकांत मिसळत असतात, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे आबांचा बिरोबा हा धर्माच्या उंबरठ्याबाहेर उभा राहिलेला कोणी गरीब नातलग नसून तो घरातल्या पाच खांबांपैकी एकावर टेकून बसलेला आहे. याच काळात हेनिंग स्टेगम्युलर यांच्याबरोबर त्यांनी पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. पुस्तकात जे मावत नाही, म्हणजे टाळांचा आवाज, धूळ, चालणाऱ्या पायांची लय, ते दाखवायला कॅमेराच हवा.

१९९२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सोंथायमर गेले. हे वय फार नाही. पुष्कळ काम हातावेगळे व्हायचे होते. टेपांवर ओव्या होत्या. पण टेपवरची ओवी म्हणजे पेटीत ठेवलेले बियाणे. ती कुणीतरी ऐकून लिहून काढायची, बोलीतले शब्द लावायचे, अर्थ सांगायचा, तेव्हा ती दुसऱ्यापर्यंत पोहोचते. हे काम त्यांच्या माघारी सहकाऱ्यांनी आणि शिष्यांनी उचलले. खंडोबावरचे त्यांचे निबंध १९९७ साली ग्रंथरूपाने आले. आणि बिरोबा व धुळोबा यांच्या दोन दीर्घ ओव्या इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध व्हायला २०१४ साल उजाडले. सूर्याला उगवू नकोस आणि चंद्राला मावळू नकोस असे सांगा, अशा अर्थाचे त्या ग्रंथाचे नाव आहे. फेल्डहाउस यांच्यासोबत त्या कामात रामदास आटकर आणि राजाराम झगडे यांची नावे आहेत. धुळोबा म्हणजे नदीपलीकडच्या फलटण तालुक्यातला देव! आमच्या गावातून नीरा ओलांडली की ज्याचा मुलूख सुरू होतो, त्याची कथा एका माणसाच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी छापून जगभर गेली.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच झाले. फ्रान्सहून आलेले गी पॉइतवॅं आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी खेडोपाडी कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पॉइतवॅं २००४ साली गेले. तो संग्रह आज मोबाईलवरसुद्धा पाहता व ऐकता येतो. आजीला मी त्यातल्या काही ऐकवल्या. ती जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही बाई चाल चुकली." म्हणजे परीक्षक आमच्या घरातच होता, आणि मी वर्गात हात खाली ठेवून बसले होते.

येथे कोणी विचारील, या सर्व कामाला परदेशी माणूसच का लागावा? प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला तो बोचतो. माझे उत्तर असे की जे रोज कानावर पडते ते आपल्याला ऐकू येत नाही. शिवाय आपल्यापैकी जे शिकतात ते प्रथम आपल्या घरच्या भाषेपासूनच दूर जातात. तसे गेल्याशिवाय शिकलो असे वाटत नाही. पाहुण्याला ही अडचण नसते. तो उत्सुकतेने येतो, जमिनीवर बसतो, न कळलेला शब्द पुन्हा विचारतो. मात्र पाहुण्याला एक गोष्ट कधीच मिळत नाही. ती म्हणजे लहानपणी मांडीवर झोपून ऐकलेली ओवी. ती आपल्याजवळ आहे. तेव्हा दोष पाहुण्याला देण्यापेक्षा, त्याची पद्धत घ्यावी आणि घरी जावे, हे बरे.

या दिवाळीच्या सुट्टीत मी तेच करायचे ठरवले. मोबाईल समोर ठेवला आणि आबांना ओवी म्हणायला सांगितली. आबा हसले. "काय करायचंय तुला? परीक्षेत इचारत्यात व्हय?" मी म्हटले, विचारत नाहीत, पण मला हवी आहे. त्यांनी घोंगडे खांद्यावर घेतले, कानावर हात ठेवला, चार ओळी म्हटल्या आणि थांबले. मला वाटले विसरले. तसे नव्हते. ते म्हणाले, "पोरी, ओवी एकट्याला म्हणता येत न्हाई. धरणारा लागतो." त्यांचे धरणारे दोघेही आता नाहीत. एकाला जाऊन सहा वर्षे झाली, दुसरा गेल्या उन्हाळ्यात गेला. साथीदार ओळ धरतो, ओढतो, तेवढ्या वेळात म्हणणाऱ्याला पुढची ओळ सुचते. धरणारा नसला की ओवी पुढे सरकत नाही. कोणत्याही पुस्तकात मला हे इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

मग मीच धरायचे ठरवले. आमच्यात बायका ही ओवी म्हणत नाहीत. आबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, पण नको म्हणाले नाहीत. माझा सूर लागत नव्हता, टोक चुकत होते, दोनदा आजी आतून हसली. तरी त्या रात्री पाऊण तासाची ओवी झाली. बिरोबाचा जन्म अजून व्हायचाच आहे. पुढची ओवी संक्रांतीला, असे ठरले आहे.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा कोणीतरी आहे : वाघ्या, गोंधळी, भारूड म्हणणारा चुलता, हादग्याची सगळी गाणी पाठ असलेली आत्या. आपल्याजवळ टेपरेकॉर्डरहून चांगले यंत्र खिशात आहे. विद्यापीठाने विषय देईपर्यंत थांबू नये. त्यांच्याजवळ बसावे, ऐकावे, तारीख आणि गाव लिहून ठेवावे, न कळलेला शब्द विचारावा आणि जमेल तशी ओळ धरावी. सरांनी पुन्हा तो प्रश्न विचारला तर या वेळी मी हात वर करणार आहे. दोन्ही ओव्यांसाठी.